'मालगुंड' वाचताना प्रोग्राम बंद पडतो, 'जयगड' वाचताना नाही: रनटाइम एरर कोड कसा वाचायचा?

विंडोजच्या नोटपॅडमध्ये एक फाइल उघडायची, तिच्यात फक्त 'मालगुंड' एवढंच लिहायचं आणि यूटीएफ-८ पद्धतीत सेव्ह करायची. दुसऱ्या फाइलमध्ये 'जयगड' लिहायचं. दोन्ही गावं रत्नागिरी तालुक्यातली. मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याजवळचं, कवी केशवसुतांचं जन्मगाव. जयगड तिथून उत्तरेला, किल्ल्याचं आणि बंदराचं. आता पायथनमध्ये दोन ओळींचा साधा प्रोग्राम लिहून या फाइली एकेक करून वाचायच्या. एन्कोडिंगचा उल्लेख कुठेच करायचा नाही.

'जयगड' विनातक्रार वाचलं जातं. 'मालगुंड'वर प्रोग्राम बंद पडतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत अशी ओळ येते: "युनिकोडडीकोडएरर: 'चारमॅप' कोडेक कान्ट डीकोड बाइट ०एक्स८१ इन पोझिशन १४: कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाइंड".

बहुतेक जण इथे घाबरतात, ओळ कॉपी करून इंटरनेटवर शोधतात आणि जे पहिलं उत्तर मिळेल ते चिकटवतात. खरं तर या एका ओळीत काय चुकलं, कुठे चुकलं आणि का चुकलं, हे सगळं आहे.

रनटाइम एरर म्हणजे काय?

प्रोग्राम लिहिताना कंस राहिला किंवा शब्द चुकला, तर संगणक तो चालवायलाच नकार देतो. ती व्याकरणाची चूक, म्हणजे सिंटॅक्स एरर. रनटाइम एरर वेगळी. प्रोग्राम व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असतो, सुरूही होतो, पण चालता चालता असं काही समोर येतं की त्याला पुढे जाता येत नाही. शून्याने भागायची वेळ येते, फाइल जागेवर नसते, पाच नावांच्या यादीतलं सहावं नाव मागितलं जातं. म्हणूनच तोच प्रोग्राम एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर पडतो, सोमवारी चालतो आणि मंगळवारी पडतो. प्रोग्राम बदललेला नसतो, त्याला दिलेली माहिती किंवा भोवतालची व्यवस्था बदललेली असते.

ती ओळ सुटी करून पाहू

पायथन एरर दाखवतो तेव्हा आधी बऱ्याच ओळी येतात. त्या खालून वर वाचायच्या. सर्वांत खालची ओळ चुकीचं नाव सांगते, तिच्या वरच्या ओळी ती चूक कोणत्या फाइलीत आणि कितव्या ओळीवर झाली ते सांगतात. त्यातली आपण स्वतः लिहिलेल्या फाइलीची ओळ शोधायची; बाकीच्या बहुधा पायथनच्या स्वतःच्या असतात.

आता शेवटची ओळ. 'डीकोड' म्हणजे साठवलेल्या आकड्यांतून अक्षरं परत मिळवणं. 'चारमॅप' म्हणजे त्यासाठी वापरलेला तक्ता, आणि हाच शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण फाइल यूटीएफ-८ असताना प्रोग्राम भलताच तक्ता हातात घेऊन बसलाय, हे त्यातून कळतं. '०एक्स८१' हा सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा, आपल्या नेहमीच्या मोजणीत १२९. 'पोझिशन १४' म्हणजे फाइलीतला पंधरावा बाइट, कारण मोजणी शून्यापासून होते. (मोठी फाइल ओळीओळीने वाचली जात असेल तर हा क्रमांक संपूर्ण फाइलीतला नसून त्या वेळी उचललेल्या तुकड्यातला असतो, म्हणून कधी कधी सांगितलेल्या जागी काहीच सापडत नाही.)

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मालगुंड' या शब्दात म, काना, ल, ग, उकार, अनुस्वार आणि ड अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे एकवीस बाइट. पाचवं चिन्ह ऱ्हस्व उकाराचं. त्याचे तीन बाइट ई०, ए५ आणि ८१. शून्यापासून मोजलं तर हा ८१ बरोबर चौदाव्या जागी येतो. प्रोग्राम 'गु'च्या उकारावर अडखळला.

का अडखळला? इंग्रजी व्यवस्थेच्या विंडोजवर पायथन फाइल वाचताना, वेगळं सांगितलं नाही तर, पश्चिम युरोपीय भाषांसाठी बनवलेला सीपी १२५२ हा तक्ता वापरतो. त्यात २५६ जागा आहेत आणि त्यातल्या पाच रिकाम्या: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मराठीचा योगायोग असा की या पाच जागांवर आपली नेहमीची चिन्हं येतात. ऱ्हस्व उकार १२९ वर, पाय मोडण्याचं चिन्ह १४१ वर, 'ए' १४३ वर, 'ऐ' १४४ वर आणि 'झ' १५७ वर. यांतलं एक जरी फाइलीत असलं की प्रोग्राम थांबतो.

जिल्ह्यांची नावं घेऊन हे करून पाहता येतं. पुणे, मुंबई, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, रत्नागिरी ही नावं प्रोग्राम पाडतात. सातारा, नाशिक, ठाणे, नागपूर, सोलापूर पाडत नाहीत. 'रत्नागिरी'वर येणारी एरर ०एक्स८डी, जागा ८. म्हणजे 'त्'चा मोडलेला पाय.

न पडणारा प्रोग्राम जास्त धोक्याचा

मग 'जयगड'चं काय झालं? तेही चुकीच्याच तक्त्याने वाचलं गेलं. फरक एवढाच की त्याचे बाराही बाइट तक्त्यातल्या भरलेल्या जागांवर पडले. त्यामुळे एरर आली नाही, पण हाती आली ती डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची आणि चार पाय फुटलेल्या गोलाची रांग. असला कचरा अनेकांनी जुन्या ईमेलमध्ये किंवा वेबसाइटवर पाहिलेला असतो.

समजा, एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची यादी वाचणारा प्रोग्राम नाशिक, ठाणे, नागपूर एवढ्याच नावांवर तपासला. चाचणी पास. प्रत्यक्षात रत्नागिरीची यादी आली की तो पडणार, लोक ओरडणार आणि चूक दुरुस्त होणार. पण कचरा झालेली नावं गुपचूप नोंदवहीत गेली, तर ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येणार नाही. लक्षात येईल तेव्हा कुणीतरी खिडकीशी उभं असेल आणि 'तुमचं नाव यादीत नाही' असं ऐकत असेल. एरर कोडवर वैतागणाऱ्यांनी ही तुलना एकदा करावी.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीसारखी दिसणारी मोडतोड

खरी दुरुस्ती एका शब्दाची आहे. फाइल उघडण्याच्या 'ओपन' या आज्ञेत, फाइलीच्या नावानंतर, इंग्रजी लिपीत 'एन्कोडिंग' बरोबर 'यूटीएफ-८' असं लिहायचं. वाचताना लिहायचं, तसंच फाइल तयार करतानाही.

पण इंटरनेटवर याच एररसाठी आणखी दोन 'उपाय' सापडतात. पहिला, एन्कोडिंग 'लॅटिन-१' करा. एरर लगेच जाते, कारण त्या तक्त्यात एकही जागा रिकामी नाही. म्हणजे मालगुंडचीही अवस्था जयगडसारखी होते. हे निदान उलटं फिरवता येतं: तो मजकूर लॅटिन-१ मध्ये पुन्हा एन्कोड करून यूटीएफ-८ ने डीकोड केला की मूळ शब्द परत मिळतो. दुसरा उपाय म्हणजे 'एरर्स' बरोबर 'इग्नोर'. यात न समजलेला बाइट टाकून दिला जातो, आणि टाकलेला बाइट परत येत नाही. नंतर कितीही खटपट केली तरी 'मालगुंड'चं 'मालगंड', 'रत्नागिरी'चं 'रतनागिरी' आणि 'पुणे'चं 'पणे' एवढंच उरतं.

एररमध्ये 'डीकोड'ऐवजी 'एन्कोड' असेल तर दिशा उलटी समजायची. अक्षरं ठीक आहेत, ती बाहेर लिहिताना तक्ता अपुरा पडतोय. पडद्यावर नीट दिसणारं 'मालगुंड' फाइलीकडे वळवलं की 'पोझिशन ०-६' अशी तक्रार येते. इथे मोजणी बाइटची नसून सात चिन्हांची आहे. आणि यूटीएफ-८ लिहूनही '०एक्सएफएफ इन पोझिशन ०' अशी एरर आली, तर फाइल बहुधा यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह केलेली आहे.

एक्सेलचा त्रास वेगळाच. साध्या 'सीएसव्ही' पर्यायाने सेव्ह केलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात, तीही कायमची. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलं तर अक्षरं शाबूत राहतात, पण फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण येते. मग 'नाव' हा रकाना डोळ्यांना दिसत असतानाही प्रोग्राम 'कीएरर' देतो, कारण त्याच्या लेखी रकान्याचं नाव 'खूण अधिक नाव' असं असतं. वाचताना एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८-सिग' लिहिलं की ही खूण गळून पडते.

हीच 'कीएरर' मराठीत 'किनाऱ्यावर'सारख्या शब्दांवरही येते. यातला 'ऱ्य' दोन-तीन प्रकारे टाइप होतो: कुणी स्वतंत्र 'ऱ' वापरतं, कुणाच्या कीबोर्डवरून र, नुक्ता असं येतं, कुणी 'र्'नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकतं. दिसायला सारखेच, संगणकाला वेगळे. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या 'एनएफसी' या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही, तो शोधून बदलावाच लागतो.

नुसता आकडा आला तर?

सी किंवा सी++ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शब्दांऐवजी आकडे भेटतात. विंडोजवर -१०७३७४१८१९ किंवा ०एक्ससी००००००५ दिसला, तर प्रोग्रामने आपल्या हक्काची नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षात याचं नेहमीचं कारण म्हणजे 'स्कॅनएफ'मध्ये चलाच्या नावाआधी अँपरसँड विसरणं. लिनक्सवर हाच प्रकार १३९ म्हणून दिसतो: १२८ अधिक ११, आणि ११ हा तिथला मेमरीच्या चुकीचा क्रमांक. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोग्रामला बाहेरून ठार केलं, बरेचदा मेमरी संपल्यामुळे. शून्य आलं तर सगळं ठीक.

आकडा एरर आहे की माहिती, हे न ओळखल्याची किंमत ४ जून १९९६ रोजी युरोपने मोजली. एरियन ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात एक मोठी संख्या सोळा बिटांच्या जागेत मावली नाही. त्या जागेची कमाल ३२,७६७. दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि तिने चुकीचा तपशील मुख्य संगणकाकडे पाठवला. मुख्य संगणकाने तो उड्डाणाची माहिती समजून वापरला. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत रॉकेट नष्ट झालं.

डेटाबेस, मोडी आणि जुने फॉन्ट

मायएसक्यूएलमध्ये मराठी भरताना १३६६ क्रमांकाची एरर आली, तर टेबल किंवा रकाना लॅटिन-१ चा आहे. तो 'यूटीएफ८एमबी४' करायचा. नुसतं जुनं 'यूटीएफ८' केलं तर देवनागरी चालते, कारण ती तीन बाइटांत मावते. पण इमोजीला चार बाइट लागतात. मोडी लिपीलाही चारच. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आली, त्यामुळे मोडी दस्तऐवजांची सूची करणाऱ्याला हीच १३६६ पुन्हा भेटू शकते. मायएसक्यूएल ८.० पासून चार बाइटांची व्यवस्था आपोआप मिळते. पायथननेही ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ तक्ता करायचं ठरवलं आहे, म्हणजे 'मालगुंड'ची एरर तिथे येणार नाही.

जुन्या मराठी फाइली मात्र यातल्या कशानेच सुटत नाहीत. श्रीलिपीसारख्या व्यवस्थांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असतात. असा मजकूर प्रोग्राम बहुधा एररशिवाय वाचतो आणि त्यात 'मालगुंड' शोधलं तर 'सापडलं नाही' म्हणतो. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. नेमका कोणता फॉन्ट वापरला होता हे शोधून, त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर चालवून, जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांनी तपासावे लागतात.