मत होते, मान्यता नव्हती : डॉ. दत्ता सामंतांची कारकीर्द

डॉ. दत्ता सामंत हे नाव उच्चारले की १९८२ चा गिरणी संप आठवतो आणि चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : संप फसला, याला जबाबदार कोण? जयंत पवारांचे ‘अधांतर’ शिकवतानाही हाच प्रश्न पुढे येतो. आम्हांला मात्र या कारकिर्दीतील एक विसंगती अधिक बोलकी वाटते. ज्या गिरणगावाने सामंतांना लोकसभेत पाठवले, त्या गिरणगावाला त्यांना गिरणीमालकांसमोर आपला प्रतिनिधी म्हणून बसवता आले नाही.

सामंतांचा जन्म १९३२ साली कोकणात देवबाग येथे झाला. वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात, म्हणजे गिरणगावाच्या ऐन मध्यात झाले. पण त्यांच्या कार्याची सुरुवात गिरण्यांतून झाली नाही. घाटकोपरला दवाखाना चालवताना त्यांचा दगडखाणींतील मजुरांशी संबंध आला आणि रुग्णांच्या दुखण्यांमागची मजुरी त्यांना दिसली. त्यातून संघटना उभी राहिली. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या उमेदवारीवर मुलुंडमधून विधानसभेवर निवडून आले. सत्ताधारी पक्षाचे असूनही आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर अभियांत्रिकी आणि रसायन कारखान्यांतील कामगार त्यांच्याकडे लोटले. कंपनीच्या ताळेबंदापेक्षा कामगाराच्या घरखर्चाचा हिशेब मोठा, ही त्यांची भूमिका होती आणि ती पगारवाढीच्या करारांत उतरत होती.

गिरण्यांची गोष्ट वेगळी होती. तेथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. एका क्षेत्रातील एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना, आणि वाटाघाटीचा हक्क तिचाच, अशी त्याची रचना. ही मान्यता ठरे ती सभासदांच्या नोंदींवरून; गुप्त मतदानाने कौल घेण्याची सोय त्यात नव्हती. मान्यता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन याच भिंतीवर अनेक वर्षे डोके आपटत राहिली होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष भडकला, तेव्हा कामगार सामंतांकडे घाटकोपरला गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. पगारवाढीबरोबरच हा कायदा रद्द करावा, हीही त्यांची मागणी होती. मालक आणि सरकार मान्यताप्राप्त संघटनेकडे बोट दाखवत राहिले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

यानंतरची १९८४ ची निवडणूक विचारात घेण्याजोगी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. संपात सर्वस्व गमावलेल्या वस्त्यांनी हरलेल्या पुढाऱ्याला विजयी केले. कायद्याने नाकारलेला गुप्त मतदानाचा कौल त्यांनी असा मतपेटीतून दिला, असे आम्हांला वाटते. पण तो उशिरा आणि चुकीच्या सभागृहात पोहोचला. कायदा राज्याचा होता, आणि लोकसभेतील एका अपक्षाच्या हाती तो बदलणे नव्हते. १९८९ मध्ये ही जागा शिवसेनेकडे गेली.

सामंतांना दोषमुक्त करण्याचा आमचा हेतू नाही. इतका मोठा लढा पुकारताना माघारीची वाट आखून ठेवली नाही, इतर संघटनांशी समन्वय कमी पडला, आणि सगळी भिस्त एका माणसावर राहिली. तरीही पराभवाचे खापर केवळ व्यक्तीवर फोडले, की कायद्याची चौकट नजरेआड होते.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. संपाला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. अंत्ययात्रेला कामगारांची प्रचंड गर्दी लोटली. त्यांतील अनेकांची गिरणी तोवर सुटली होती. ‘संप कोणी फसवला’ हे विचारताना, ‘अडीच लाख माणसांना आपला प्रतिनिधी का निवडू दिला नाही’ हेही विद्यार्थ्यांनी विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.