मिल्कियत आणि इजाजत

उर्दूच्या वर्गात मी 'मिल्कियत' आणि 'इजाजत' यांतला फरक शिकवतो. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत तो ग्राहकांना अचानक कळला. ॲमेझॉनने त्यांच्या किंडलमधून ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या विकलेल्या प्रती परस्पर पुसून टाकल्या. पुरवठादाराकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसेही परत केले. पण दुकानदार न विचारता आपल्या कपाटातले पुस्तक नेऊ शकतो का?

लोक संतापले, तेव्हा जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. टिपणे निकामी झालेला एक विद्यार्थी कोर्टात गेला, तेव्हा कंपनीने काही अपवाद ठेवून लेखी हमी दिली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून परवाना विकताना 'खरेदी' म्हणायचे असेल, तर तो परवानाच आहे हे स्पष्ट सांगावे लागते. मिल्कियत अजून दूर आहे. पण विचारणारे होते, म्हणून इजाजतीला इजाजत म्हणणे तरी भाग पडले.