बारा फोटोंचं रीळ आणि अकरा खेपा

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर जुन्या लग्नपत्रिकांखाली कॅमेरा दुरुस्तीची एक पावती निघाली. साल १९८३. मजकूर एवढाच : ‘रोलायफ्लेक्स, शटर अडकते.’ मागे वडिलांनी पेन्सिलीने तारखा टिपल्या होत्या. कोनहून दुर्गाडीच्या पुलावरून कल्याण, तिथून लोकलने व्हीटी आणि फोर्टातल्या त्या दुकानाचा लाकडी जिना, अशा त्या अकरा खेपा. जूनमध्ये दिलेला कॅमेरा जानेवारीत हाती आला. तुळशीच्या लग्नानंतरची सगळी कामं हातची गेली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. पुढे जे वाचलं त्यावरून दोष एका दुकानाचा नव्हता असंच माझं मत झालं आहे.

वडील भिवंडीत यंत्रमागावर जॉबर होते, फोटोग्राफी हा जोडधंदा. माग बंद पडला की तासाभरात तो चालू करणारा हा माणूस, पण कॅमेऱ्याचा एक स्क्रूही त्यांनी कधी सैल केला नाही. ‘त्याच्यातलं सामान आपल्याकडे मिळत नाही,’ एवढंच म्हणत.

बिघाड कळला तो आत्याच्या लग्नात. एकशेवीसच्या रिळात बारा फोटो; धुतल्यावर बाराही निगेटिव्ह काचेसारख्या कोऱ्या. रोलायफ्लेक्सला दोन भिंगं असतात, वरचं बघायचं, खालचं फोटो घ्यायचं. शटर फक्त खालच्या भिंगात. त्यामुळे वडिलांना मांडव, अंतरपाट, मुंडावळ्या सगळं लख्ख दिसत होतं, कळ दाबली जात होती, रीळ पुढे सरकत होतं, आणि आत पात्या मिटलेल्याच होत्या. अशा शटरच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात आणि वेग राखायला बारीक दातेरी चाकांची साखळी असते. जुनं तेल घट्ट होऊन पात्यांवर उतरलं की त्या एकमेकींना चिकटतात. खाडीकाठची दमट हवा भिंगांवर बुरशीही आणते. वडिलांचा संशय मात्र कायम कापसाच्या तुसावर होता.

महाग यंत्र म्हणजे न बिघडणारं यंत्र, हा समज जगात सगळीकडेच होता. स्वीडनच्या हॅसलब्लाडने १९४८ मध्ये १६००एफ हा कॅमेरा काढला. सेकंदाच्या सोळाशेव्या भागाचा वेग, पण अतिपातळ पोलादी पडद्याचं त्याचं शटर वारंवार बिघडे. शेवटी १९५७ च्या ५००सी मध्ये शटर भिंगातच बसवावं लागलं. पुढे हॅसलब्लाड चंद्रावर पोचला, तो ही चूक निस्तरल्यानंतर.

आपल्याकडे मात्र दुरुस्तीचा प्रश्न मुळापासूनच अवघड होता, कारण यंत्र परदेशी. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, ते विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन आले. त्याबरोबर ते चालवण्याची विद्याही शिकून आले. फाळक्यांचं हे दुसरं सामान मला जास्त मोलाचं वाटतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आणखी पुढची वाट धरली. महायुद्धाचे दिवस, परदेशी कॅमेरा परवडणारा नाही; मग त्यांनी आणि विष्णुपंत दामल्यांसारख्या सहकाऱ्यांनी कॅमेरा घरीच बनवला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्या खटपटीतून उभा राहिला. ज्याने यंत्र जोडलं त्याला ते उघडायची भीती नव्हती.

ही परंपरा पुढे साध्या फोटोग्राफरपर्यंत का पोचली नाही? एक कारण परवाना राजवट. परदेशी कॅमेरे सरळ आयात होत नसत. वडिलांसारख्यांच्या हाती येई तो जुना, कुणीतरी परदेशाहून आणलेला. कॅमेरा एकवेळ येई, पण त्याच्यामागे सुटे भाग येत नसत. त्यात ब्राउनश्वाइगची रोलाय कंपनी १९८१ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती. कारागिराजवळ दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचं सामान काढून बसवणं, नाहीतर वाट पाहणं, एवढेच मार्ग उरत. सात महिने लागले ते बहुधा यातच. पण हे त्याने पहिल्याच खेपेला सांगितलं असतं, तर उरलेल्या दहा वाचल्या असत्या. ही तक्रार माझी आजही आहे.

जानेवारीत कॅमेरा आला, तेव्हा वडिलांनी पहिलं रीळ आत्यासाठी राखलं. तिला आणि काकांना सासरहून बोलावून घेतलं, शालू नेसायला लावला आणि आमच्या घराच्या ओटीसमोर उभं केलं. लग्नातला हिरवा चुडा तोवर फुटून गेला होता, म्हणून आदल्या दिवशी तिला नवा भरला. मुंडावळ्या आजीने जपून ठेवल्या होत्या. बारापैकी बाराही फोटो आले. आत्याच्या घरी भिंतीवर त्यातला एक आहे. पाहुणे त्याला लग्नातला फोटो समजतात आणि ती त्यांना तसं समजू देते.