‘ब्लेझिंग सॅडल्स’ : पडद्यावरचा शेरीफ आणि इतिहासातला मार्शल

१/ मेल ब्रूक्स यांचा ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) हे वेस्टर्न चित्रपटांचे विडंबन. कथेचा काळ १८७४. रेल्वेमार्गासाठी रॉक रिज गाव उठवायचे असते. म्हणून एक कारस्थानी अधिकारी बार्ट या कृष्णवर्णीय मजुराला तेथे शेरीफ नेमवतो. गोरे गावकरी त्याला पाहताच गाव सोडतील, हा त्याचा होरा.

२/ बार्टला साथ मिळते ती दारूत बुडालेल्या नेमबाज जिमची. पुढे कृष्णवर्णीय, चिनी व आयरिश रेल्वेमजूर येतात. जमिनीच्या बदल्यात ते हुबेहूब खोटे गाव उभारतात, गुंडांना चकवतात आणि खरे गाव वाचते. ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांनीच गाव राखले.

३/ हॉलिवूडच्या वेस्टर्नमध्ये कृष्णवर्णीय क्वचितच दिसत. प्रत्यक्षात, इतिहासकारांच्या अंदाजानुसार, सुमारे चौथा हिस्सा काउबॉय कृष्णवर्णीय होते.

४/ गुलामगिरीत जन्मलेले बास रीव्ह्ज १८७५ मध्ये इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, डेप्युटी यू. एस. मार्शल झाले. ही सेवा त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केली.

५/ रॉक रिजला जे अशक्यप्राय वाटले, ते कथेच्या काळानंतर अवघ्या एका वर्षात घडले होते. पडद्यावर मात्र त्याला विनोदाच्या वाटेने यावे लागले.