खंडणीखोर आज्ञावली आणि वैयक्तिक संगणक : आकलन व निर्मूलनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९८९ ते २०२४) – विशेष संदर्भ : महाराष्ट्र व अहमदनगर जिल्हा

प्रस्तावना :

अहमदनगर जिल्ह्याची ओळख सहकार आणि शिक्षण या दोन क्षेत्रांनी घडविली आहे. १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू झाले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ असे नामकरण झालेल्या या जिल्ह्यातील संस्थांचे दप्तर गेल्या दोन-तीन दशकांत कागदावरून संगणकावर आले. प्राध्यापकाचा शोधप्रबंध, विद्यार्थ्यांची गुणपत्रके, नॅकचे अहवाल, सभासदांची खाती हे सर्व आज संगणकात साठविलेले असते. पूर्वी दप्तराला वाळवी आणि आग यांचे भय असे. आता त्यात रॅन्समवेअरची, म्हणजेच खंडणीखोर आज्ञावलीची भर पडली आहे. ही आज्ञावली दस्तऐवज नष्ट करीत नाही. ती ते कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. संगणकातून ती काढून टाकली की प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा शोध प्रस्तुत निबंधात इतिहासाच्या आधारे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. खंडणीखोर आज्ञावलीच्या विकासाचे टप्पे समजून घेणे.
२. महाराष्ट्रातील प्रमुख घटनांचा आढावा घेणे.
३. ‘निर्मूलन’ आणि ‘पुनःप्राप्ती’ यांतील भेद स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो शासकीय निवेदने, तांत्रिक अहवाल आणि वृत्तपत्रे या दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

अ) आरंभ : टपालाने आलेली फ्लॉपी

या प्रकारातील पहिली ज्ञात घटना डिसेंबर १९८९ मधील आहे. जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयक माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने अनेक देशांत पाठविल्या. फ्लॉपीतील आज्ञावली संगणकात दडून राही. संगणक साधारण ९० वेळा सुरू केला गेला की ती फायलींची नावे सांकेतिक करून टाकी आणि पनामामधील टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी करी. मात्र हे कुलूप कच्चे होते. फायलींतील मजकुराला धक्का लागत नसे आणि नावे बदलण्याची किल्ली आज्ञावलीतच दडलेली होती. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने लवकरच त्यावर उतारा तयार करून तो विनामूल्य दिला.

या प्रकरणातील एक घटना विशेष बोधप्रद आहे. इटलीतील एका एड्सविषयक संस्थेने घाबरून संगणकातील सर्व माहिती पुसून टाकली आणि तिचे दहा वर्षांचे काम गेले, असे या प्रकरणाच्या वृत्तांतांत नमूद आहे. ही हानी आज्ञावलीपेक्षा घाईच्या निर्मूलनाने अधिक झाली.

आ) दुसरा टप्पा : किल्ली गुन्हेगाराच्या हाती

१९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी एका शोधनिबंधात धोक्याची सूचना दिली होती. कूटलेखनशास्त्रात कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली वेगवेगळी ठेवता येते. विषाणूने केवळ लावण्याची किल्ली सोबत आणली, तर संगणकाची कितीही तपासणी केली तरी उघडण्याची किल्ली तेथे सापडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या ‘क्रिप्टोलॉकर’ने हे भाकीत मोठ्या प्रमाणावर खरे केले. बिटकॉइनमुळे खंडणी वसूल करणेही सोपे झाले. येथून निर्मूलनाचा अर्थच बदलला. विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली शत्रूला घराबाहेर काढू शकते, परंतु त्याने लावलेले कुलूप तसेच राहते.

इ) महाराष्ट्रातील घटना

मे २०१६ मध्ये मुंबईतील मंत्रालयातील सुमारे १५० संगणकांना ‘लॉकी’ या आज्ञावलीची बाधा झाल्याचे उघड झाले. त्यात महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतील संगणक होते. लॉकीचा प्रसार मुख्यतः ई-मेलसोबत बिलाच्या स्वरूपात येणाऱ्या वर्ड फायलींतून होत असे. म्हणजेच दार कर्मचाऱ्याच्या हातूनच उघडले जाई.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये सुरू झालेल्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली. मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणकीय कामकाज बंद पडले आणि कंटेनरांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. नाशिक-अहमदनगर पट्ट्यातील शेतमालाच्या निर्यातीचे हे महत्त्वाचे द्वार होय. युक्रेनमधील एका हिशेब आज्ञावलीतून सुटलेला विषाणू अशा प्रकारे महाराष्ट्राच्या दारी येतो. या आज्ञावलीत खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय नव्हती, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे.

२१ मार्च २०२१ रोजी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकप्रणालीवर ‘सिनॅक’ नावाच्या आज्ञावलीने हल्ला केला. मुख्यालयासह १६ प्रादेशिक कार्यालयांना त्याची झळ बसली. नगरजवळील नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या आहेत. बॅकअप जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेला असल्याने तो बचावला, असे महामंडळाकडून सांगण्यात आले. लॉकीच्या वेळी दिसलेली उणीव आणि या वेळी उपयोगी पडलेली तरतूद यांची तुलना केल्यास पाच वर्षांतील बदल ध्यानात येतो.

३१ जुलै २०२४ रोजी सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीत अशीच बाधा आढळली. राष्ट्रीय भुगतान निगमने तिला देयकप्रणालीपासून तात्पुरते अलग केले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. सहकाराचे जाळे गावोगाव पसरलेल्या जिल्ह्यांना या घटनेने एक गोष्ट शिकविली. आपला संगणक निर्दोष असला तरी आपण ज्याच्यावर अवलंबून आहोत, तो तसा असेलच असे नाही.

ई) वैयक्तिक संगणक : आकलन आधी, निर्मूलन नंतर

मोठ्या संस्थांच्या घटना बातमीत येतात. घरातील वा विभागातील एका संगणकाची हानी मात्र कोणाला कळत नाही. २०१८ नंतर अशा संगणकांना सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या आज्ञावलींत ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ कुळाचा समावेश होतो. ती मुख्यतः चोरीच्या, ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येते. हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क न झाल्यास ती ठरावीक किल्ली वापरी. एम्सिसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये तिच्या १४८ उपप्रकारांवर विनामूल्य उतारा दिला. ज्यांनी कुलूपबंद फायली जपून ठेवल्या होत्या, त्यांतील अनेकांना त्या परत मिळाल्या. ज्यांनी संगणक तत्काळ फॉरमॅट केला, त्यांना हा मार्ग उरला नाही.

‘वॉनाक्राय’चा अनुभवही असाच आहे. १२ मे २०१७ रोजी ती सुमारे १५० देशांत पसरली. तिने वापरलेली विंडोजमधील त्रुटी दूर करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. बाधित संगणक बंद केलेला नसेल, तर काही वेळा स्मृतीत उरलेल्या अंशांवरून किल्ली मिळविता येत असे. संगणक पुन्हा सुरू करताच ते अंश पुसले जात.

या इतिहासावरून कृतीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम जाळ्याची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि पेनड्राइव्ह व बाहेरची हार्ड डिस्क वेगळी करावी, जेणेकरून बाधा पसरणार नाही. नंतर खंडणीच्या सूचनेचे छायाचित्र घ्यावे व फायलींच्या नावांना जोडलेली नवी अक्षरे टिपून ठेवावीत, कारण त्यांवरून आज्ञावलीचे कूळ ओळखता येते. कुलूपबंद फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम ज्ञात उतारे विनामूल्य पुरवितो. तेथे शोध घ्यावा. त्यानंतरच विंडोज नव्याने बसवावे आणि बॅकअप तपासून तो परत आणावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये हे कृत्य दंडनीय असल्याने सायबर पोलिसांकडे अथवा १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.

निष्कर्ष :

१. १९८९ मधील कुलूप संगणकातच उघडता येत होते. किल्ली गुन्हेगाराकडे गेल्यापासून आज्ञावली काढणे आणि माहिती परत मिळविणे ही दोन भिन्न कामे झाली आहेत.
२. अनेक घटनांत मोठी हानी घाईने केलेल्या निर्मूलनामुळे झाली. कुलूपबंद फायलीही जतन कराव्यात, कारण उतारा पुढे उपलब्ध होऊ शकतो.
३. खंडणी भरल्याने माहिती मिळेलच याची शाश्वती नाही, हे नॉटपेट्याने सिद्ध केले.
४. जाळ्यापासून वेगळा ठेवलेला बॅकअप हाच खात्रीचा उपाय होय. सतत संगणकाला जोडलेली डिस्क या अर्थाने बॅकअप ठरत नाही.
५. चोरीचे सॉफ्टवेअर हे बाधेचे प्रमुख दार असल्याने महाविद्यालयांनी अधिकृत वा मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरावा.

जुन्या पिढीतील संशोधक प्रबंधाची कार्बन प्रत दुसऱ्या घरी ठेवीत असत. संगणकाच्या युगात साधन बदलले आहे, परंतु ती सवय टिकविण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.