३० फेब्रुवारी



स्वीडनमध्ये १७१२ साली ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर उगवली होती. वर्गात हे सांगितले की मुले आधी हसत आणि मग "का?" असे विचारत. त्या "का"चे उत्तर आज जरा सविस्तर देते, कारण आमच्या घरातल्या संगणकवाल्या पोरांच्या रोजच्या काळजीशी त्याचे जवळचे नाते आहे.

त्यांची काळजी अशी. एखाद्या बँकेच्या डेटाबेसमधल्या लाखो नोंदी बदलायच्या आहेत, पण बँक बंद ठेवता येत नाही. लोक पैसे भरताहेत, काढताहेत. सगळ्या नोंदी एका दमात बदलायला घ्याव्यात तर बाकीचे काम तुंबते. थोड्या थोड्या बदलाव्यात तर मध्येच खंड पडण्याची भीती. अर्ध्या नोंदी नव्या, अर्ध्या जुन्या आणि कुठली कुठे हे कोणालाच ठाऊक नाही, ही सगळ्यांत वाईट अवस्था.

आता विचार करा, अख्ख्या देशाची दिनदर्शिका म्हणजे केवढी मोठी चालू वही! तीही कधी बंद ठेवता येत नाही.

जुन्या ज्युलियन गणनेत सूर्याच्या मानाने चूक साठत गेली होती. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. कॅथलिक देशांनी हे लवकर स्वीकारले, प्रॉटेस्टंट देश अडून बसले. १७०० पासून हा फरक अकरा दिवसांचा झाला.

स्वीडनने ठरवले की आपण हप्त्याहप्त्याने बदलू. १७०० ते १७४० या काळात येणारे सगळे लीप दिवस गाळायचे. असे अकरा दिवस गळले की काम फत्ते, कोणाला धक्का नाही, गडबड नाही. ऐकायला किती शहाणपणाचे! १७०० मध्ये २९ फेब्रुवारी गाळलाही. पण त्याच वर्षी रशिया आणि इतरांशी मोठे युद्ध पेटले. पुढचे हप्ते १७०४ आणि १७०८ चे, ते राहूनच गेले. स्वीडनची तारीख आता जुन्या गणनेच्या एक दिवस पुढे आणि नव्याच्या दहा दिवस मागे, म्हणजे कुठल्याच शेजाऱ्याशी जुळेना. पोल्ताव्हाची प्रसिद्ध लढाई पाहा. १७०९ ची ती लढाई रशियन गणनेने २७ जूनला, स्वीडिश गणनेने २८ जूनला आणि ग्रेगोरियन गणनेने ८ जुलैला झाली. लढाई एक, तारखा तीन!

शेवटी राजा बारावा चार्ल्स याने माघार घेतली. १७१२ च्या फेब्रुवारीला, नेहमीच्या २९ तारखेशिवाय, गाळलेला एक दिवस परत दिला. तीच ती ३० फेब्रुवारी. लोक याला फजिती म्हणतात. मला तो निर्णय समंजस वाटतो. पुढचा रस्ता धड दिसत नसेल तर ओळखीच्या ठिकाणी परत यावे. पुढे १७५३ मध्ये त्यांनी १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च धरून एका झटक्यात काम उरकले.

इंग्रजांनी त्याआधी १७५२ मध्ये हेच केले. २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. पण त्यांची खरी तयारी कायद्याच्या मजकुरात होती. काय बदलायचे यासोबत काय बदलायचे नाही, हेही त्यात लिहिले होते. अकरा दिवस गळाले म्हणून कुळाने भाडे अकरा दिवस आधी द्यायचे नाही. कर्जाची मुदत, मुलाचे सज्ञान होणे, हे सारे प्रत्यक्ष सरलेल्या दिवसांवर मोजायचे. तारखेचे नाव बदलले, माणसाचे देणेघेणे बदलले नाही.

हा कायदा इंग्रजांच्या आशियातल्या मुलखालाही लागू होता, म्हणजे मुंबईलाही. त्यापूर्वीचे मुंबई-सुरतेचे इंग्रजी कागद जुन्या गणनेचे, तर गोव्याचे पोर्तुगीज कागद नव्या. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा. इंग्रजी कागदांच्या हिशेबाने ६ जून १६७४, तर पोर्तुगीज हिशेबाने तोच दिवस १६ जून. आपण ६ जून पाळतो, तो जुन्या गणनेचा. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बातमी घटनेच्या आधीच पोहोचल्यासारखी दिसेल! आणि कोणी उत्साहाने निम्म्या पुस्तकांत तारीख "सुधारली", निम्म्यांत तशीच ठेवली आणि गणना कुठली ते लिहिले नाही, तर आपलीही १७०४ च्या स्वीडनसारखी गत व्हायची.

त्या काळच्या इंग्रज कारकुनांची एक सवय मला आवडते. त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदींत ते पुष्कळदा १६७३/७४ असे दोन्ही आकडे लिहीत. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरातही जुनी नोंद खरवडून काढत नाहीत. ती वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी नवी लिहायची, खाली मुख्याध्यापकांची सही. कधी, कोणी, काय बदलले हे कळले पाहिजे. मूळ शिल्लक असेल तर चूक सापडते आणि परतही फिरता येते.

नातेवाईक मंडळींना म्हणूनच एक विनंती. घरोघरची जन्मटिपणे आता संगणकावर चढवली जात आहेत, हे फार चांगले. पण तारीख काढून झाली म्हणून मूळ तिथी आणि शक गाळू नका. दोन्ही लिहा, आणि कोणत्या पंचांगावरून काढली तेही लिहा. ज्यांची ती टिपणे, त्यातल्या बऱ्याच जणांना विचारायला आता जाता येणार नाही.