गर्द सोडवणारी पर्यायी गोळी : ब्युप्रेनॉर्फिन

मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणतात ती ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन. अनिल अवचट यांचं गर्दवरचं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथला भर नशा पूर्ण थांबवण्यावर. पर्यायी औषधाचा मार्ग वेगळा आहे आणि त्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत.

हेरॉइन बंद केलं की काही तासांत नाक-डोळे गळू लागतात, हाडं दुखतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनींच्या बोलीत ही ‘टर्की’. बहुतेकांचा निश्चय इथेच मोडतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत हेरॉइनच्याच जागी जाऊन बसतं, पण काम अर्धवट करतं. टर्की शमते, नशा मात्र तशी चढत नाही. एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर तो पुन्हा वाढतो.

गोळी जिभेखाली विरघळवायची असते. गिळली तर फारसा उपयोग नाही. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात. अंगात हेरॉइन असताना घेतली, तर ती त्याला जागेवरून हटवते आणि टर्की एकदम उसळते. त्यामुळे कुणाकडून तरी गोळ्या आणून घरी प्रयोग करू नये.

‘नाको’च्या ओएसटी केंद्रांत सुईने नशा करणाऱ्यांना ही गोळी कर्मचाऱ्यासमोर मोफत देतात. एकच सुई अनेकांनी वापरल्याने पसरणारा एचआयव्ही रोखणं हा त्यामागचा मुख्य हेतू. मेथाडोन हे दुसरं पर्यायी औषध. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

‘मग ही गोळी तरी कधी सुटणार?’ हा घरच्यांचा नेहमीचा प्रश्न. शरीराला गोळीची सवय लागते, हे खरंच. पण माणूस पुडीमागे धावायचा थांबतो, कामावर जाऊ लागतो. उपचार अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात आणि डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. नातेवाइकांच्या आग्रहाखातर गोळी मध्येच तोडली आणि माणूस पुन्हा गर्दकडे वळला, तर धोका मोठा: शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने जीव जाऊ शकतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे याच कारणाने सर्वांत जोखमीचे.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६ (मोफत).